माळवदाचं तेवढं परत विचार कर, दिगू

चि. दिगूस,
न्यूझीलंडातल्या क्राइस्टचर्चहून मोठ्या आईचा आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले घराचे फोटो बघितले, नातीनं मोठे करून दाखवले, नि फोनवर बोललं की आपोआप टाइप होतं ते पण तिनंच शिकवलं म्हणून हे एवढं लांबण. दगडी भिंती, सागवानी तुळया, वर मातीचं सपाट छत, माळवद. पुण्याचे लोक पैसे देऊन राहायला येतील म्हणायलास. येतील की, मे महिन्यात माळवदाखाली जो गारवा असतो तो एसीला नाही. पण तुझं लेकरू त्याच्याखाली झोपणार हे मला पटेना.

तू किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलेला, तुला माळवद फोटोतलंच माहीत. माझं सगळं आयुष्य त्याच्या वर नाहीतर खाली गेलंय. 1948 ला मी सात-आठ वर्षांची असेन, माहेर औशाकडचं, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा जोर, त्यांचा पुढारी कासिम रझवी तर लातूरलाच वकिली करायचा. रात्री कुत्री भुंकायला लागली की आई आम्हाला शिडीनं माळवदावर चढवायची नि शिडी वर ओढून घ्यायची, घरं एकाला एक चिकटून, मग वाकून वाकून धाब्यावरनंच गल्लीच्या पार टोकाला जायचं. म्हणजे माळवदानं वाचवलं पण आहे मला, ते नाही म्हणत नाही. पुढं बार्शीला मावशीकडं नेऊन ठेवलं, ती निजामाच्या हद्दीबाहेर होती. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, 17 तारखेला निजाम शरण आला, आम्ही घरी आलो तर शेजारचं मुसलमानाचं घर उघडंच पडलेलं, त्या बाईनं एका रात्री आम्हाला आपल्या कणगीमागं लपवलं होतं. तिचं काय झालं ते आईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. झेंडावंदनाच्या भाषणात हे येत नाही, म्हणून तुला सांगायलेय, तुझ्या पोराला पण सांग.

बहात्तरच्या दुष्काळात तर मी नि तुझे मोठे बाबा दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मिलो ज्वारीची भाकरी, लेकरांना सुकडी. त्याचं एवढं वाईट वाटत नाही, सगळा गावच तिथं होता, पाटलीण पण तोंडावर पदर ओढून बसायची. बैल विकले त्याचं वाटतं.

तर माती. दरसाल मिरगाच्या आधी पांढरी माती आम्ही बायकाच टोपल्यानं वर न्यायचो, गळू नये म्हणून. जुनी खरवडून कोण काढतंय, त्याच्यावरच नवी. माझ्या सासूच्या आधीपासून हेच, दीड-दोन हात थर झालेला.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, सगळे दमून झोपलेले. मला उकडायलं म्हणून मी बाज अंगणात काढली होती, हे नि सासूबाई आत. त्यांना काढलं तेव्हा अंगावर साधं खरचटलेलं पण नव्हतं रे, नाकातोंडात माती. आपल्या भागात दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली, आणि भूकंपाच्या आधी सरकारी नकाशात आपला पट्टा सगळ्यात कमी धोक्याचा होता! इंजिनियर लोक आले ते हेच म्हणायचे, जड छत नि मातीत रचलेल्या भिंती.

आता इथलं ऐक. 2011 च्या 22 फेब्रुवारीला इथं भूकंप आला तो पण जवळपास तेवढाच मोठा, तो पण वस्तीला लागूनच. माणसं गेली 185, त्यातली 115 एकाच बिल्डिंगीत. मी घरात एकटी होते. भांडी सगळी खाली, विटांची चिमणी कोसळली, पण घर नुसतं करकरलं, लाकडाचं आहे, वर हलका पत्रा. मी बाहेर येऊन यांना हाका मारायले, शेजारची गोरी बाई हाताला धरून बसली, तिला काय कळणार मी कुणाला बोलावतेय.

तू घर बांध, दगडाचंच बांध, मला पण आवडेल. फक्त भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घाल, आणि जोत्याला, खिडक्यांच्या वर नि छताच्या खाली काँक्रीटचा पट्टा चारी बाजूनं फिरव, मधे तोडू नको. वर माती नको. जुना लुक पाहिजे तर तुळया खालून दिसू दे, वर हलकं काहीतरी टाक, गारव्यासाठी कडुनिंब लाव, तो येईस्तर पुण्याचे लोक पंख्याखाली बसतील. मिस्त्री म्हणेल आजी कुठं परदेशात बसून अक्कल शिकवायली, म्हणू दे, त्याला तिथं झोपायचं नाही.

नवा प्लॅन पाठवताना पट्टे लाल पेनानं काढून पाठव, नातजावई इथं बांधकामातच आहे, तो तपासून देतो म्हणालाय. आणि सूनबाईला सांग पार्सलात करडईचं बी टाकू नको, इथं बियाण्याचं फार कडक असतं. काळा मसाला तेवढा दे कुणी येणार असेल त्याच्याबरोबर.

तुझी,
मोठी आई