विषय: कुंडीत गाडून पाठवलेली सीतेची वेणी आणि नाकारलेला परतावा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपवाटिका

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी सीतेच्या वेणीचे (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा) रोप ८५० रुपयांना मागवले. खोके उघडले तेव्हाच कुंडीला कुजका वास येत होता. परतावा मागितल्यावर ग्राहक सेवेचे उत्तर आले : ‘रोप मूळ कुंडीतून काढल्यामुळे हमी लागू नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. कुंडीतून काढले म्हणूनच त्या रोपाची दोन-चार मुळे अजून जिवंत आहेत.

हे ऑर्किड मातीतले नाही. आमच्या सावंतवाडीकडे ते आंब्या-फणसाच्या खोडावर वाढते, मुळे सालीला धरून उघड्यावर लोंबत असतात. मुळांवरचे जाड पांढरट आवरण पाऊस आणि दव शोषून घेते. ओले झाले की मूळ हिरवट दिसते, सुकले की पुन्हा पांढरे. कोकणातला धो-धो पाऊस ते सोसते, कारण उघडीप मिळाली की वाऱ्याने मुळे सुकतात. आपण तीच मुळे लाल माती आणि कोकोपीटमध्ये दाबून भरलीत, तळाला धड भोकही नाही.

वर सोबतचे माहितीपत्रक. त्यात ‘रोज भरपूर पाणी, कडक ऊन, वर्षभर फुले’ असे छापले आहे. (आपल्या कार्यालयात ते कोणी वाचले तरी आहे का?) या ऑर्किडला पाणी साठवणारे फुगीर खोड नसते आणि वाढ एकाच शेंड्याने होते. त्या शेंड्यात पाणी साचून राहिले की तो कुजतो. त्याला झाडाखालची झिरपती सावली आणि खेळती हवा लागते. लाकडाच्या ओंडक्याला किंवा फटींच्या लाकडी टोपलीत कोळसा-सालीच्या तुकड्यांत बांधावे, मुळे पांढरी दिसली की पाणी द्यावे, वाढीच्या दिवसांत खत अगदी पातळ करून फवारावे, थंडीत पाणी कमी करावे. फुले वर्षातून एकदाच येतात, आपल्याकडे साधारण मे-जूनमध्ये. आसामात वसंतातल्या बिहूला नाचणाऱ्या मुली हीच फुले केसांत माळतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. बारमाही फुलांचे आश्वासन कोणत्या आधारावर दिलेत?

दुसरी बाब मला अधिक गंभीर वाटते. ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ असे जाहिरातीत म्हटले आहे, पण माती झटकल्यावर मुळांना जंगली झाडाची साल चिकटलेली सापडली, तिच्यावर शेवाळ आणि दगडफूल. सालीवर बांधून वाढवलेली रोपेही विकतात हे मला ठाऊक आहे, पण त्यांची लांब मुळे अशी ओढून तोडलेली नसतात. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो. रानात ते बुरशीच्या मदतीने रुजते, प्रयोगशाळेत बाटलीतल्या पोषक माध्यमावर, आणि रोप फुलायला पुढे काही वर्षे जातात. एवढे जुने, जून पानांचे रोप या किमतीत कोठून येते, हे आपणच सांगावे.

माझ्या मागण्या अशा. पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. हे रोप कोठे वाढवले, कोणाकडून घेतले, ते लेखी कळवावे. आणि ते माहितीपत्रक मागे घेऊन ज्यांनी ज्यांनी हे रोप घेतले त्या सर्वांना बरोबर सूचना पाठवाव्यात. त्यांच्या कुंड्यांत ती रोपे आत्ताही कुजत असतील. परतावा उशिरा आला तरी चालेल, हे शेवटचे काम आधी करा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ कडे तक्रार नोंदवीन. मुळाला चिकटलेली साल मी जपून ठेवली आहे.

आपली ग्राहक,
सावंतवाडी

सोबत : खोके उघडतानाची व मुळांची छायाचित्रे, माहितीपत्रकाची प्रत, देयक