शेवटच्या भागात बोलला ते बरोबरच, पण अर्धवट काहून बोलला?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंच्या वेबसिरीजवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला आणि भाच्यालाही वाचायला दिला. लेखात म्हटलं आहे की शेवटच्या भागात हिरोनं उभं राहून सगळ्या सिरीजचा अर्थ तोंडानं सांगणं म्हणजे लिहिणाऱ्याची हार आहे, चांगली गोष्ट दाखवते, सांगत बसत नाही. भाचा नागपूरला शिकतो, त्याचंही तेच, "मामा, शेवटी नुसतं ग्यान पाजळलं ना त्यानं." मला हे काही पटलं नाही म्हणून लिहून राहिलो.

उदाहरण दिलं ते 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'चं. २०२१ची सिरीज, सहा भाग. आम्ही ती आत्ता पाहिली, धानाची रोवणी आटोपल्यावर, हिंदीतून, घरचे सगळे मिळून. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, म्हातारा झालेला कॅप्टन अमेरिका आपली ढाल सॅम विल्सन नावाच्या काळ्या माणसाला देऊन गेलेला असतो, सॅमला ती आपली वाटत नाही म्हणून तो म्युझियममध्ये जमा करतो, तर सरकार ती तिसऱ्यालाच देऊन टाकतं. शेवटच्या भागात सॅम ती ढाल घेऊन न्यूयॉर्कमध्ये उतरतो, पुढाऱ्यांचा जीव वाचवतो आणि मग बेघर लोकांसाठी बंड करणाऱ्या, आता मेलेल्या कार्ली नावाच्या पोरीला दोन्ही हातांवर उचलून आणतो आणि कॅमेऱ्यांसमोर त्याच पुढाऱ्यांना सुनावतो. हेच ते भाषण, ज्यावर सगळे नाराज.

आता दाखवण्याचं म्हणाल तर या सिरीजनं दाखवलंही आहे आणि फार चांगलं दाखवलं आहे, ते मी नाकारत नाही. पहिल्याच भागात सॅम आणि त्याची बहीण बापाची बोट दुरुस्त करायला बँकेत कर्ज मागायला जातात. समोरचा साहेब त्याला ओळखतो, खुश होतो, फोटोचं बोलतो, आणि कर्ज मात्र देत नाही. तो सीन चालू होता तेव्हा आमचे बाबा जेवता जेवता थांबले. दोन वर्षांआधी मोटारपंपाच्या कर्जासाठी ते गेले तर तिथल्या साहेबानं खुर्ची दिली, चहा पाजला, यंदा धान कसा आहे विचारलं आणि फाईल तशीच परत हातात दिली. बाबा टीव्हीकडं पाहून एवढंच बोलले, "चहा पाजला म्हणजे समजायचं." त्या सीनमध्ये काळ्या माणसावर अन्याय होतो असं कोणी म्हणत नाही, म्हणायची गरजच नाही.

तसाच आयझाया ब्रॅडलीचा भाग. कोरियाच्या लढाईत लढलेला काळा सैनिक, त्याच्यावर औषधाचे प्रयोग केले आणि नंतर तीस वर्षं जेलमध्ये डांबलं, नाव पुसून टाकलं. हे कॉमिकवाल्यांनी हवेतून आणलं नाही. अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानंच सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या माणसांना रोग काय आहे ते न सांगता, औषध न देता नुसतं पाहत ठेवलं, रोग कसा वाढतो हे बघायला. तर शेवटी सॅम त्या म्हाताऱ्याला म्युझियममध्ये नेतो, तिथं त्याचा पुतळा उभा केलेला असतो, म्हातारा पाहतो, डोळे भरतात, सॅमला मिठी मारतो. आमच्या घरात त्या वेळी कोणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही.

मग एवढं दाखवल्यावर भाषण कशाला, हा लेखकाचा प्रश्न. याचं उत्तर मला माझ्या आत्यानं दिलं. आत्याचं गाव वैनगंगेच्या धरणात गेलं, आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते, रोवणीला आली होती ती राहिली चार दिवस. सिरीजमध्येही तेच आहे, लाखो लोकांना एका जागेवरून उठवून दुसरीकडं पाठवायचं सरकारांनी ठरवलेलं असतं. सॅम त्या पुढाऱ्यांना विचारतो की तुम्ही हे ठरवता तेव्हा खोलीत तुमच्यासोबत कोण असतं, ज्यांच्यावर हे येणार आहे ते लोक असतात की तुमच्यासारखेच आणखी काही? आत्या तोवर तांदूळ निवडत होती, सिरीजकडं तिचं अर्धंच लक्ष. हे ऐकलं आणि हात थांबला. म्हणाली, "आमच्या टायमाले हे कोणीच नाही इचारलं रे बाबू." आता मला सांगा, हा प्रश्न तोंडानं न विचारता कोणत्या सीनमधून दाखवला असता म्हणजे तो आत्यापर्यंत पोचला असता? काही गोष्टी मोठ्यानं विचाराव्याच लागतात, कारण ज्यांना विचारायच्या ते इशारा समजून घेत नसतात.

आणि कॅप्टन अमेरिका हा काही आडून बोलणारा हिरो कधीच नव्हता. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी काढलेला त्याच्या कॉमिकचा पहिला अंक १९४०च्या डिसेंबरात दुकानात आला, त्याच्या कव्हरवर तो हिटलरच्या तोंडावर बुक्की मारतो. अमेरिका तेव्हा लढाईत उतरलीही नव्हती, उतरली त्यानंतर वर्षभरानं. इतकं उघडं बोलून जन्मलेल्या माणसानं ८० वर्षांनी भाषण केलं तर नवल काय.

माझी तक्रार दुसरी आहे. सॅम बोलला हे चुकलं नाही, तो एवढा चांगला प्रश्न विचारून पुढं ढिला पडला, हे चुकलं. त्याचं शेवटचं सांगणं काय तर, आपण यापेक्षा चांगलं वागलं पाहिजे. अरे पण म्हणजे काय करायचं? त्या लोकांना हलवायचं की नाही, त्यांच्या माणसाला बैठकीत घ्यायचं की नाही, काहीच नाही. आणि कार्लीला टेररिस्ट म्हणू नका म्हणतो, पण याच कार्लीनं तिसऱ्या भागात बांधून ठेवलेली माणसं आत असताना बिल्डिंग उडवली, त्याचं भाषणात नावही नाही. तिथं तो थांबून म्हणाला असता की हिचं हे चुकलं आणि तुमचं ते चुकलं, तर कोणी ग्यान म्हटलं नसतं.

'वांडाव्हिजन' या दुसऱ्या सुपरहिरो सिरीजच्या शेवटी तर उलटंच झालं. वांडानं आपल्या जादूनं अख्खं गाव आपल्या दुःखापायी डांबून ठेवलं, लोक तिच्यापुढं रडले आणि मोनिका नावाची दुसरी हिरोईन तिलाच म्हणते, तू काय त्याग केलास हे या लोकांना कधी कळणार नाही. आपण जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या विरुद्ध वाक्य हिरोच्या तोंडात घातलं, म्हणून ते टोचतं. उघडं बोलण्याचा त्यात दोष नाही.

आम्ही विदर्भातले लोक उघड्या बोलण्यावरच वाढलो. गाडगेबाबा दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, त्या कीर्तनात आडपडदा नव्हता. बाबा लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर घेत. पण 'चांगले वागा' म्हणून सोडून देत नसत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढं बकरं कापू नका, ताट मोडून हातावर भाकर खा पण पोरं शाळेत घाला. घरी जाऊन माणसाला उद्या सकाळी काय करायचं ते कळत होतं. आणि दिवसा हातात खराटा पाहिलेला असल्यामुळं कोणी म्हणत नव्हतं की हा कोण सांगणारा. सॅमचंही तेच, जीव धोक्यात घालून झाल्यावर तो बोलला, तेवढा हक्क त्यानं कमावलेला होता.

मी स्वतः आमच्या गावच्या मंडळात काम करतो. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या आमच्या भागात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली की रात्र रात्र नाटकं चालतात, वडसा म्हणजे त्याचं मोठं केंद्र, या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आमच्याकडं दारूवरचं एक नाटक होतं. शेवटच्या प्रवेशात बाप रिकामी बाटली खाली ठेवतो, शेजारी पोराचं दप्तर असतं. पहिल्या वर्षी आम्ही तिथंच पडदा पाडला, लेखकाला तसंच पाहिजे होतं. लोक उठलेच नाहीत. समोर जमिनीवर बसलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "आता सांगा ना, थांबले काहून?" दुसऱ्या वर्षी बापाचं काम करणारे आमचे काका माइकसमोर आले आणि दिवसाला बाटलीला किती, वर्षाला किती आणि तेवढ्यात पोराच्या कितव्या वर्गापर्यंतची फी होते, एवढा हिशोब सांगून आत गेले. भाषण नव्हतंच ते, चार वाक्यं असतील. पहाटे पाच वाजता लोक तोच हिशोब बोलत घरी गेले.

तुमच्या लेखकांना माझं बोलणं पटत नसेल तर येत्या मंडईला आमच्याकडं यावं. मुक्कामाची सोय आमच्या घरी होईल. खुर्चीचं तिकीट नका काढू म्हणावं, बायांच्या मागं जमिनीवर बसा, तिथून सगळं ऐकू येतं.

आपला नियमित वाचक,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर