फिजिओ ताई, त्या पाण्यासाठी थँक्यू

ताई,
तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. वाचलंत तर कळेलच कोण ते.

शिगमो (आमची गोव्याची होळी) झाल्यावर डिचोलीहून कदंबच्या बसमध्ये बसून पणजीला तुमच्याकडे आले, तेव्हा सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नव्हते. दोन वर्षं हेच चाललेलं, बाहेर पडायचं तर पाणी बंद, कारण खोकला आला शिंक आली की लघवी गळून कपडे ओले. तुम्ही फाईल उघडलीच नाहीत, माझ्या सुकलेल्या ओठांकडे बघितलंत आणि तांब्यातलं पाणी ओतून पुढे केलंत, "पयलीं उदक पी गो, बाथरूम हे इथंच आहे, दार उघडंच असतं." मी ग्लास हातात धरून रडले, तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसता फॅन हळू केलात.

आधीच्या डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नव्हती. दोन बाळंतपणं झाली, आता असंच व्हायचं, पॅड लावा, पाणी कमी प्या. झालं! पाणी कमी केलं की लघवी आणखी कडक होते आणि सारखी घाई लागते हे मला तुमच्याकडे कळलं.

तुम्ही दिलेला व्यायाम तो केवढासा, पण मी श्वास कोंडून ढुंगणच आवळत बसायचे. मग तुम्ही म्हणालात, चवथीला, म्हणजे गणपतीत, फुगडीत फू करता ना, त्या फू वर खालचं आत-वर ओढायचं, लघवी अडवतो तसं, पाच मोजायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, सैल सोडणं विसरायचं नाही (आणि खरंच लघवी करताना अडवून बघत बसायचं नाही). दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी भात शिजत असतानासुद्धा करायचे, नवरा विचारायचा फू फू काय चाललंय, चुलीला फुंकर घालतेस की काय, घरात गॅस असताना.

तीन महिने धीर धरा म्हणाला होतात, मला चार लागले. जोराची शिंक आली तर अजून थोडं होतं, पण आता शिंकेच्या आधी आवळायचं सुचतं.

असो, सांगायचं ते हे की यंदा चवथीला जावेबरोबर फुगडी घातली, दोन गिरक्यांतच धाप लागली, आणि मग गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायले.

तुमची डिचोलीची पेशंट