दुपारी पीसी बंद पडतोय? आधी एसएमपीएस बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिना लागला की माझ्या दुकानात एकच तक्रार येते, दुपारी काम करता करता कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो आणि रात्री तोच मस्त चालतो. तुमच्या पेपरात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्डवर भरपूर छापून येतं पण एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना पुरवणाऱ्या डब्यावर, मी अजून एक ओळ वाचलेली नाही, म्हणून हे पत्र.

मी अकोल्यात बरीच वर्षं रिपेअरिंग करतो. मागच्या उन्हाळ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक पोरगा आला, रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावलं की अर्ध्या तासात मशीन बंद. दोनदा विंडोज टाकून झालं होतं, रॅम बदलून झाली होती, आता ग्राफिक्स कार्ड बदलायच्या विचारात होता बिचारा. खोलून बघतो तर एसएमपीएसचा फॅन धुळीने गच्च! कूलरचं तोंड सरळ कॅबिनेटकडे, थंड हवा लागेल म्हणून, पण त्या हवेत पाण्याची ओल असते आणि ओलीवर धूळ जास्तच चिकटते हे कुणी सांगतच नाही. एसएमपीएस आतून तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो, एवढंच होत होतं.

साधा हिशोब बघा. भिंतीतून ७०० वॅट ओढले आणि एफिशियन्सी (ओढलेल्या विजेतली किती खरंच कामी येते) ९० टक्के असली तरी ७० वॅटची उष्णता त्या छोट्या डब्यात राहते, ती फॅननेच बाहेर काढायची. आतल्या कपॅसिटरचं (वीज साठवून एकसारखी देणारा भाग) तर असं आहे की तापमान १० डिग्री वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून डब्यावर १००० वॅट लिहिलंय हे पुरेसं नाही, ते आजूबाजूची हवा किती डिग्री असेपर्यंत मिळतात ते विचारा. काही कंपन्या ४० डिग्रीचा आकडा देतात, चांगले एसएमपीएस ५० डिग्रीला पूर्ण वॅट देतात, उदा. कोर्सेअर कंपनीचा एएक्स १६००आय. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, खोलीतच ४० होतात, मग ४० डिग्रीवाला घेऊन काय करायचं?

दुसरं म्हणजे झीरो आरपीएम मोड. लोड कमी असेपर्यंत फॅन फिरतच नाही, आवाज नाही म्हणून लोकांना आवडतो. थंड गावात ठीक आहे हो, पण विदर्भात मार्च ते जून तो बंदच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे, बऱ्याच मॉडेलला मागे त्यासाठी बटण असतं. आवाज सहन करा पण हवा फिरू द्या.

आणि मॉनिटरिंग हे चोचले नाहीत. कोर्सेअरच्या एचएक्सआय सिरीजमध्ये यूएसबीची वायर मदरबोर्डला जोडली की स्क्रीनवर आतलं तापमान, फॅनचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे), किती वॅट जातायत, एवढंच काय भिंतीतून येणारं व्होल्टेजसुद्धा दिसतं. त्या पोराला असाच एक बसवून दिला, आता दुपारी तापमान चढताना दिसलं की तो रेंडर थांबवतो आणि रात्री लावतो. एसएमपीएस आतल्या भागांना देतो ती १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहिली पाहिजे, तेही तिथेच कळतं. ज्यांना एवढा महाग परवडत नाही त्यांनी निदान दर महिन्याला जाळी साफ करावी आणि टॉवर भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या वेळी पीसी कसा घ्यावा यावर लेख छापाल तेव्हा त्यात एसएमपीएसच्या डिग्रीचा रकाना टाका. आणि दुकानदार बंधूंनो, कोटेशनमध्ये नुसतं "एसएमपीएस ७५० वॅट" लिहू नका, मॉडेल आणि डिग्री दोन्ही लिहून द्या.

– एक कॉम्प्युटर रिपेअरवाला, अकोला