चिडचिडीचे गुण कोणी द्यायचे?

महोदय,
मुलांच्या चिडचिडेपणावरचा आपल्या पुरवणीतला लेख चांगला होता. पण सोबत प्रश्नावली छापून 'आपले गुण मोजा' म्हटलंत, ते खटकलं. मी सातारा जिल्ह्यात शालेय समुपदेशक आहे. असे कागद रोज हाताळते.

'अफेक्टिव्ह रिॲक्टिव्हिटी इंडेक्स' ही यातली बरीच वापरली जाणारी मापनपट्टी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या सहा महिन्यांबद्दल सात विधानं, प्रत्येकाला ०, १ किंवा २. बेरीज पहिल्या सहांचीच, म्हणजे जास्तीत जास्त १२. सातवं विधान या रागामुळे अडचणी येतात का, ते विचारतं. मुलासाठी एक प्रत आणि पालकांसाठी दुसरी, आणि खरी गंमत तिथेच आहे. आठवीतल्या एका मुलाने सगळीकडे शून्य भरलं. भरताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. आईच्या कागदावर बेरीज दहा! खोटं दोघंही बोलत नव्हते. त्याच्या मते तो चिडत नाही, धाकटी बहीण त्याला चिडवते. शिवाय सहा महिने कोणाच्या लक्षात राहतात? परवा भांडण झालं असेल तर तेच सगळ्या उत्तरांत उतरतं. (बाबांना कागद दिला, तर तो कोराच परत येतो, ही वेगळी तक्रार.)

प्रश्नावली निरुपयोगी नाही. त्याच मुलाशी बोलायला मला तिनेच वाट करून दिली. पुन्हा छापाल तेव्हा पालकांची प्रतही शेजारी छापा आणि एकट्या बेरजेवरून निदान होत नाही, हे ठळक अक्षरांत लिहा.

— एक समुपदेशक, कराड