गाडी आली, उत्तर नाही आलं

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला. परवा चावडीसमोर जैवतंत्रज्ञानाच्या जनजागृतीची एलईडी गाडी आली. शास्त्रज्ञ येणार, प्रश्न विचारा, असा निरोप होता, म्हणून निंदण सोडून चाळीसेक जण बसलो. हिंदी चित्रफीत झाली. पेशी म्हणजे कारखाना, सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे उद्याची शेती. शास्त्रज्ञ आलेच नाहीत. गाडीबरोबरच्या साहेबांनी सह्या घेतल्या, फोटो काढले. मी हात वर केला तर म्हणाले, "काका, पुढच्या गावाला उशीर होतो."

प्रश्न साधाच होता. बीटी म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस. त्याच्या बियाण्याच्या पाकिटात १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी, म्हणजे रेफ्युजी, यायची, ती कशाला? कोणी सांगितलं नाही, आम्ही ती बांधावर फेकली. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी जुळावेत, पुढची पिढी बीटीनं मरत राहावी, म्हणजे बीटी जास्त वर्षं टिकेल, असा तो हिशेब. मला तो कळला २०१७ साली, बोंडं फोडून गुलाबी अळी पाहिल्यावर. त्याच हंगामात भाऊ फवारताना विषबाधेनं पडला. अजून त्याच्या हातात चहाचा कप थरथरतो. वरून काय ऐकू आलं? शेतकऱ्यानंच रेफ्युजी लावली नाही. वा, साहेब!

माझी आई रोज इन्सुलिन घेते. ते जनुक बदललेल्या जिवाणूंकडून, नाहीतर यीस्टकडून करून घेतात, १९८२पासून. हे चित्रफितीत असतं तर म्हातारीसुद्धा पुढं सरकून बसली असती.

२०१० साली बीटी वांग्याला परवानगी द्यावी का, यावर नागपुरात जाहीर सुनावणी झाली. आरडाओरड झाली, पण तेव्हाचे पर्यावरण मंत्री समोर बसले होते. २०२५मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. बातमी काय, तर परकं जनुक नाही. मग केलं काय? ते कोण सांगणार?

आमच्याकडं विज्ञान सांगतो तो चोरबीटीवाला, म्हणजे बिनपरवान्याचं बीटी बियाणं विकणारा. रात्री मोटरसायकलवर येतो, मराठीत बोलतो, फोन उचलतो. पावती तेवढी देत नाही. आमच्या गल्लीत दहातले आठ त्याचेच गिऱ्हाईक. तुमच्याकडं २०२४चं बायोई३ (अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगारासाठी जैवतंत्रज्ञान) धोरण आहे, गाडी आहे, जिंगल आहे. भाव पडला, विमा अडला, तेव्हा मात्र ही गाडी कुठं दिसत नाही.

आकाशवाणीवर आठवड्याला एक तास द्या, मराठीत, फोन चालू ठेवून. तोवर त्या कागदावरची माझी सही खोडा. ती 'माहिती समजली' या रकान्यात घेतली आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक