सीआरपी लिटरमागे मोजतात, चौकट दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत चरबीतल्या दाहक प्रथिनांना अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण लेखाखालच्या चौकटीत ‘सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेला की धोका’ असे छापले आहे. सीआरपी म्हणजे शरीरात कुठे दाह (सूज) असला की रक्तात वाढणारे प्रथिन, आणि हा आकडा लिटरमागचा आहे. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा हिस्सा, म्हणजे चूक थेट दहापटीची झाली. काही लॅब सीआरपी डेसिलिटरमध्येच देतात. तिथे ज्याचा रिपोर्ट ०.५ आला, त्याचा लिटरमागचा आकडा ५, म्हणजे जास्त जोखमीच्या गटातला. तुमची चौकट वाचून तो माणूस निर्धास्त होणार.

हृदयविकाराच्या जोखमीसाठी २००३ पासून वापरात असलेले गट असे आहेत: लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलेला आकडा या हिशेबात धरायचाच नाही. ताप, गळू, दाढ, लघवीचा संसर्ग असे काही आहे का ते आधी शोधायचे आणि बरे वाटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे. एवढे तरी चौकटीत हवे होते.

कारण याने लोकांचे नुकसान होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचा रिपोर्ट पाहण्यात आला. एका तपासणी शिबिरात त्याचा सीआरपी १४ निघाला. ‘चरबीला सूज आहे’ असे सांगून महिनाभराची पावडर त्याच्या गळ्यात मारली. त्याच आठवड्यात त्याची खालची दाढ ठणकत होती, गाल सुजलेला होता, पण कोणी विचारले नाही. पुढे दाढ काढली, पू गेला, आणि दोन आठवड्यांनी तोच आकडा २.४ आला. रक्तातला सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मा होतो. दाहाचे कारण गेले की तो भराभर उतरतो. श्रेय मात्र पावडरीने घेतले. त्याहून वाईट म्हणजे शिबिरात उंची-वजन घेऊन ‘बीएमआय २२, लठ्ठपणा नाही’ असा शेरा मारला आणि कंबर मोजलीच नाही. ती ९६ सेंटिमीटर होती. नसलेल्या दुखण्यावर पैसे गेले आणि असलेली जोखीम कागदावर आलीच नाही.

लेखात हेच सांगायला हवे होते. दाहक प्रथिने किलोवर ठरत नाहीत, चरबी कुठे साठली आणि तिच्या पेशी किती फुगल्या यावर ठरतात. पेशी फुगत गेली की तिच्यापर्यंत प्राणवायू नीट पोहोचत नाही, काही पेशी मरतात आणि एमसीपी-१ सारखे रासायनिक संदेश सुटतात. त्यामागोमाग रक्तातून मॅक्रोफेज, म्हणजे मेलेले गिळून साफ करणाऱ्या पेशी, येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडे करतात. लठ्ठ माणसाच्या चरबीत हे मॅक्रोफेज मोठ्या संख्येने असतात, हे २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. टीएनएफ-अल्फा हे दाहक प्रथिन मुख्यतः तेच सोडतात. त्यामुळे पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप पुढे नेणारे प्रथिन अडते आणि साखर रक्तातच राहते. चरबीतून आलेले आयएल-६ हे दुसरे दाहक प्रथिन यकृताला सीआरपी बनवायला लावते. म्हणजे आपण रक्तात मोजतो तो सीआरपी यकृताचा. ‘चरबीतले सीआरपी’ हा लेखातला शब्दप्रयोगही तपासावा.

‘ही प्रथिने रोखली की वजन उतरते’ हे वाक्य तर काढूनच टाका. टीएनएफ रोखल्यावर इन्सुलिनचे काम सुधारते, हे १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांत दिसले. माणसांत तशा प्रयोगांनी निराशा केली. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी काहींचे वजन उलट वाढते.

तपासणीचेही तसेच. साध्या सीआरपीचा रिपोर्ट पुष्कळदा ‘५ पेक्षा कमी’ एवढाच येतो; त्यातून १ की ४ हे कळत नाही, त्यासाठी कमी पातळीही नेमकी मोजणारी एचएस-सीआरपी तपासणी लागते. आयएल-६ तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये घालूच नये. चालून-पळून आल्यावर स्नायूही ते सोडतात, त्यामुळे सकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारून थेट रक्त दिले तर आकडा वाढलेला दिसेल आणि त्या वाढीत वाईट काहीच नसेल. शिवाय नमुना वेळेत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या करून) थंड ठेवावा लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात घरोघरी घेतलेले रक्त दुपारपर्यंत दुचाकीच्या डिकीत फिरत असेल, तर त्या आकड्यावर भरवसा कसला ठेवायचा?

त्यापेक्षा टेपने कंबर कशी मोजायची ते छापा. सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, उभे राहून, सहज श्वास सोडल्यावर मोजायचे. पँटचा पट्टा पोटाखाली जातो, त्या जागी मोजले तर फसगत होते. पोट आत ओढायचे नाही. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे आकडे दिले होते: बीएमआय दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२. आपल्या वाचकांना हे उदाहरण अमेरिकेतल्या १५० किलोच्या माणसाच्या फोटोपेक्षा कितीतरी लवकर पटले असते.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर उजवीकडे ‘पोटाची चरबी वितळवा’ अशी पाव पान जाहिरात आहे. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाबरोबर लठ्ठपणाही आहे, म्हणजे लठ्ठपणा बरा करतो असे सांगून औषध विकण्याची जाहिरात करता येत नाही. छापणाराही या कायद्याच्या बाहेर नाही. आपल्या जाहिरात विभागाने ते परिशिष्ट एकदा वाचावे आणि दुरुस्तीची चौकट पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, त्याच आकारात, ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ हे शब्द पूर्ण लिहून छापावी.

आपला,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
जुळे सोलापूर